वॉर्पेज सिम्युलेशनमध्ये पार्ट कुठे आणि किती धरायचा

"झाकण बसून नाही राह्यलं भाऊ, कोपरे उचलले." तालुक्याच्या एमआयडीसीतल्या मोल्डिंगच्या शेडमध्ये हे वाक्य नवीन नाही. माल ठिबकच्या फिटिंगचा असो, वरूड-मोर्शीच्या संत्र्यासाठी लागणाऱ्या क्रेटचा असो की फवारणी पंपाच्या सुट्या भागांचा. डायमधून निघताना सरळ दिसणारा पार्ट टेबलावर थंड होता होता वाकतो. यालाच वॉर्पेज म्हणतात. मग कोणीतरी म्हणतं, सिम्युलेशन करून पाहा. काम येतं नुकत्याच डिप्लोमा किंवा बी.ई. झालेल्या पोरापोरींकडे. मेश (पार्टचे बारीक तुकडे पाडलेली जाळी) होतो, मटेरियल निवडून होतं, आणि गाडी कन्स्ट्रेंटच्या (पार्टची हालचाल रोखणाऱ्या बंधनांच्या) खिडकीपाशी अडते: पार्ट धरू कुठे?

हा लेख त्या एका खिडकीपुरता आहे. फिलिंग (डाय भरणं), पॅकिंग (भरल्यावर दाब देऊन आणखी माल कोंबणं), कूलिंगची सेटिंग लावून झाली आहेत आणि वॉर्पेजची पायरी तेवढी उरली आहे, असं धरून चालतो. हाताशी मोल्डफ्लो किंवा मोल्डेक्स३डीसारखं महागडं सॉफ्टवेअर असो की कॅल्क्युलिक्ससारखा फुकट मिळणारा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम), मूळ हिशोब तोच. बटणांची नावं तेवढी बदलतात.

आधी कागदावर एक हिशोब

उदाहरणाला पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या पेटीचं झाकण घेऊ. पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं), ३०० मिमी लांब, २०० मिमी रुंद, २.५ मिमी जाड. कॅव्हिटीकडून (डायच्या बाहेरच्या अर्ध्याकडून) पाणी नीट फिरतं आणि कोअर (आतला अर्धा) तापलेला राहतो, ही बहुतेक डायांची रड. समजा, प्लास्टिक गोठतं त्या वेळी कोअरकडची बाजू १० अंशांनी जास्त गरम आहे. ती उशिरा थंड होते, म्हणून जास्त आकसते, आणि झाकण कोअरच्या बाजूला आत वळतं.

किती वळेल? लांबीच्या दिशेची एक पट्टी कल्पनेत कापून घ्या. पीपी दर अंशाला साधारण ०.०००१ पट आकसतं. त्याला १० ने गुणलं आणि जाडीने, म्हणजे २.५ ने भागलं की वक्रता मिळते: ०.०००४ प्रति मिमी. डाय पार्टला धरून ठेवते, ताण थोडा सैलावतो, रुंदीच्या दिशेचं वाकणंही मध्ये येतं, म्हणून खरा आकडा वेगळा निघेल. पण आपला मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

ही पट्टी एका टोकाला घट्ट पकडली, तर दुसरं टोक वक्रता गुणिले लांबीचा वर्ग भागिले २, म्हणजे १८ मिमी सरकलेलं दिसेल. दोन्ही टोकं टेबलावर टेकवून मधला उंचवटा मोजला, तर भागिले ८, म्हणजे ४.५ मिमी. आणि सॉफ्टवेअरला 'बेस्ट फिट' करायला सांगितलं, म्हणजे वाकलेला आकार मूळ आकारावर जमेल तितका जुळवून मग फरक मोजायला लावला, तर टोकांशी ३ मिमी आणि मध्ये उलट्या दिशेला १.५ मिमी.

पट्टी एकच, वाकही तोच, आणि आकडे तीन: १८, ४.५, ३. यातला एकही चूक नाही. म्हणून "वॉर्पेज किती आलं?" या प्रश्नाला नुसता आकडा सांगणं निरर्थक आहे, कुठे धरून, कशापासून मोजून, हे सोबत सांगावंच लागतं. मालकाला १८ चा रंगीत फोटो दाखवला तर तो डायवाल्याला फोन लावेल, ३ चा दाखवला तर चहा मागवेल. एवढं मनात ठेवून पुढच्या पायऱ्या करा.

पायरी १: कॉम्प्युटर उघडण्याआधी इन्स्पेक्शनच्या टेबलाशी जा

तिथे पाहायची गोष्ट एकच: हा पार्ट मोजताना कसा ठेवतात? सरफेस प्लेटवर पालथा टाकून कोपऱ्याखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवतात, तीन ब्लॉकवर टेकवून डायल फिरवतात, की गिऱ्हाइकाने दिलेल्या गेजमध्ये बसवतात? ड्रॉइंगवर डेटम (माप जिथून घ्यायचं ते पृष्ठभाग) ए, बी, सी लिहिले असतील तर उत्तम. छोट्या कामात ते बहुतेकदा नसतातच. अशा वेळी तपासणाऱ्या माणसाला विचारा, पार्ट त्याला ठेवायला लावा आणि मोबाईलवर फोटो काढून घ्या. पार्ट टेबलाला जिथे टेकतो, त्याच जागा तुमच्या कन्स्ट्रेंटच्या जागा.

ही पायरी गाळून केलेलं सिम्युलेशन बरोबर असलं तरी प्रत्यक्ष मापाशी जुळत नाही, आणि मग दोष सॉफ्टवेअरवर जातो.

पायरी २: सहा हालचाली मोजा

हवेत मोकळी सोडलेली कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते: एक्स, वाय, झेड या तीन दिशांना सरकणं आणि त्याच तीन अक्षांभोवती फिरणं. वॉर्पेजमध्ये पार्टवर बाहेरून कोणी जोर लावत नाही. आकसण्याचा ताण त्याच्या आतूनच येतो. त्यामुळे पार्ट कुठेच धरला नाही तर सॉल्व्हर गोंधळतो, कारण वाकलेला आकार इथे ठेवला काय अन् दहा मीटर पलीकडे ठेवला काय, गणिताला सारखंच. मग 'सिंग्युलर मॅट्रिक्स' किंवा 'झिरो पिव्हट' असा संदेश येतो, नाहीतर झाकण दोन किलोमीटर सरकल्याचं उत्तर मिळतं.

कन्स्ट्रेंटचं काम या सहा हालचाली थांबवण्याचं आणि तेवढंच. सातवी गोष्ट थांबवली की तुम्ही पार्टला आकसायला मनाई करायला लागलात.

मोल्डफ्लोमध्ये कन्स्ट्रेंट दिलेच नाहीत, तर सॉफ्टवेअर पार्ट भरकटू नये इतपत ते स्वतःच लावून घेतं. नवशिक्याला हे सोयीचं, पण त्या जागा तुमच्या इन्स्पेक्शनच्या जागांशी जुळतीलच असं नाही.

पायरी ३: ३-२-१

तीन नोड (मेशमधले बिंदू) निवडायचे आणि त्यांवर मिळून सहा बंधनं घालायची. आपल्या झाकणावर लांबी एक्सकडे, रुंदी वायकडे आणि जाडी झेडकडे धरू.

पहिला नोड, 'अ', एका कोपऱ्याजवळ. त्याच्या एक्स, वाय, झेड तिन्ही दिशा बंद.

दुसरा नोड, 'ब', त्याच लांब कडेवर, 'अ'पासून एक्सच्या दिशेने शक्य तितका दूर. त्याचे वाय आणि झेड बंद, एक्स मोकळा. झाकण लांबीत आकसेल तेव्हा 'ब' निवांत 'अ'कडे सरकेल.

तिसरा नोड, 'क', या दोघांच्या रेषेच्या बाहेर, समोरच्या कडेवर. त्याचा फक्त झेड बंद.

तीन अधिक दोन अधिक एक, झाले सहा. कॅल्क्युलिक्समध्ये एक्स, वाय, झेडला १, २, ३ असे क्रमांक आहेत, आणि बाउंडरी कार्डात नोडच्या क्रमांकापुढे पहिली आणि शेवटची दिशा लिहायची असते. म्हणजे 'अ'ला १ ते ३, 'ब'ला २ ते ३, 'क'ला नुसता ३. तीन ओळींचं काम.

आता जिथे हमखास घसरायला होतं ती जागा बघा. 'ब' नोड चुकून रुंदीच्या, म्हणजे वायच्या दिशेला निवडला आणि बंधनं मात्र आधीचीच ठेवली: वाय आणि झेड बंद. मोजायला गेलं तर बंधनं अजूनही सहाच भरतात, म्हणून नजरेतून निसटतं. पण काय झालं पाहा. 'अ' आणि 'ब' दोघांचा वाय बंद आहे आणि दोघांच्या मधली रेषाही वायकडेच जाते, म्हणजे त्या २०० मिमीत झाकण आकसू शकत नाही. उलट झेडभोवती झाकण फिरायला लागलं तर 'ब' एक्सकडे सरकणार, आणि तो तर मोकळा आहे. म्हणजे जे अडवायचं ते सुटलं आणि जे सोडायचं ते अडवलं. नियम सोपा आहे: 'अ'पासून 'ब'कडे जाणारी जी दिशा, ती 'ब'वर नेहमी मोकळी. 'ब' रुंदीकडे घ्यायचाच असेल तर त्याचे एक्स आणि झेड बंद करा.

झाकण तिरपं मॉडेल झालं असेल, म्हणजे त्याची कड मूळ अक्षांशी समांतर नसेल, तर आधी स्थानिक अक्ष तयार करा किंवा सरळ मॉडेलच फिरवून घ्या. दुसरा उपाय आळशी आहे आणि मला तोच आवडतो.

नोड निवडताना दोन पथ्यं. तिन्ही नोड एकमेकांपासून लांब ठेवा. २० मिमी अंतरावरच्या दोन नोडपैकी एक स्थानिक कारणाने ०.१ मिमी वर-खाली झाला, तर ३०० मिमी लांबच्या टोकाला तोच फरक १.५ मिमी होऊन दिसतो. आणि नोड मजबूत जागी घ्या: रिबच्या (मजबुतीच्या पट्टीच्या) मुळाशी, कोपऱ्याजवळ, बॉसच्या (स्क्रूसाठीच्या उंचवट्याच्या) पायथ्याशी. पातळ लवलवत्या कडेवर, गेटच्या (प्लास्टिक आत शिरतं त्या तोंडाच्या) अगदी शेजारी किंवा रनरवर (गेटपर्यंत प्लास्टिक आणणाऱ्या नळीवर) कधीही नको. रनर तर पार्ट निघाल्यावर तोडूनच टाकतात.

चौथा बिंदू झेडमध्ये का बंद करायचा नाही, हे ज्याला पटत नाही त्याने घरातली तिवई आणि चार पायांची बाज आठवावी. तिवई कशाही जमिनीवर टेकते. बाजेचा एक पाय अधांतरी राहतोच. मॉडेलमध्ये तो चौथा पाय जबरदस्तीने जमिनीला टेकवलात, तर झाकणाचा पीळच तुम्ही दाबून टाकता. इन्स्पेक्शनला तीन कोपरे टेकतात आणि चौथ्याखाली फिलर गेज जातं. नेमका तोच चौथ्या कोपऱ्याचा आकडा तुम्हाला सिम्युलेशनमधून हवा आहे.

गिऱ्हाइकाचं गेज नीट पाहिलं तर त्यातही बहुधा हीच रचना सापडेल: तीन पॅड, एक गोल पिन आणि एक पिन लांबट खाचेत. तीन पॅड म्हणजे तीन झेड, गोल पिन म्हणजे एक्स-वाय, खाच म्हणजे उरलेला वाय. चांगला टूलमेकर ३-२-१ हे नाव न घेताही तेच करतो.

पायरी ४: मेशचा प्रकार पाहा

इथे फार थांबायला नको. मिडप्लेन किंवा ड्युअल डोमेनसारख्या शेल मेशमध्ये (पार्टला पातळ पत्रा समजणाऱ्या) प्रत्येक नोडला सरकणं आणि फिरणं मिळून सहा हालचाली असतात. त्यामुळे एकच नोड सहाही दिशांनी बंद केला तरी पार्ट स्थिर होतो. थ्रीडी टेट्रा मेशमध्ये (चार बाजूंच्या घन तुकड्यांच्या) नोडला फक्त तीन सरकण्या असतात. तिथे एक नोड बंद केलात तर पार्ट त्याच्याभोवती भिरभिरत राहील. ३-२-१ दोन्हीकडे चालतं, म्हणून तेच अंगवळणी पाडा. कॅल्क्युलिक्स शेलचं आतल्या आत थ्रीडी करून घेतो, तेव्हा तिथे सुरुवात सॉलिड मेशनेच केलेली बरी.

पायरी ५: 'फिक्स्ड सपोर्ट'चा मोह टाळा

कॉलेजात एफईए (मेशवरून ताण काढायची पद्धत) शिकताना हाताला सवय लागलेली असते: खालचा फेस निवडा, फिक्स करा, वरून लोड द्या. ब्रॅकेटला ते ठीक. वॉर्पेजला घातक.

आपल्या झाकणाला दोन टोकांना स्क्रूची भोकं आहेत, एकमेकांपासून २८० मिमीवर. ती दोन्ही पूर्ण फिक्स केली. पीपीचं आकसणं साधारण १ ते २.५ टक्के, १.५ धरू. म्हणजे त्या दोन भोकांमधलं अंतर ४.२ मिमीने कमी व्हायला हवं होतं, ते होऊ दिलं नाही. पीपीचा मॉड्युलस (ताठरपणा) १३०० मेगापास्कलच्या आसपास धरला, तर मधल्या मालात १९ ते २० मेगापास्कलचा ओढ-ताण तयार झाला. पीपीचं यील्डच (ज्या ताणाला माल कायमचा ताणला जातो ते) ३० ते ३५ च्या घरात असतं. म्हणजे वापरायला सुरुवात होण्याआधीच माल अर्ध्याहून जास्त ताणलेला, आणि तोही निव्वळ तुमच्या माउसच्या क्लिकमुळे.

यातला खरा धोका ताणाच्या आकड्यात नाही. ओढ-ताणात सापडलेलं पातळ झाकण तणावलेल्या कापडासारखं सरळ होतं. रिपोर्टमध्ये वॉर्पेज जवळजवळ गायब, सगळीकडे निळा रंग, सगळे खूश. प्रत्यक्ष माल मात्र त्याच सकाळी वाकडा निघतो. आलेलं वॉर्पेज संशयास्पदरीत्या कमी असेल तर आधी कन्स्ट्रेंट तपासा, मटेरियल नंतर.

पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये बसवलेला धातूचा तुकडा) असेल तर तोही 'फिक्स' करू नका. त्याला त्याचं स्वतःचं मटेरियल देऊन मॉडेलमध्येच ठेवा. तो प्लास्टिकला आकसण्यापासून रोखेल, पण पार्टसोबत फिरेल आणि सरकेल. फिक्स केलेला इन्सर्ट जमिनीत पुरलेला असतो. फरक मोठा आहे.

पायरी ६: अर्धं किंवा पाव मॉडेल वापरायचं असेल तर

लॅपटॉप जुना, रात्री लाइटचा भरवसा नाही, तेव्हा अर्धं मॉडेल चालवून वेळ वाचवावासा वाटणं साहजिक आहे. मधून एक्सला काटकोनात कापलं तर कापलेल्या फेसवरचे सगळे नोड एक्समध्ये बंद करायचे (शेल असेल तर वाय आणि झेडभोवतीचं फिरणंही). एवढ्याने एक सरकणं आणि दोन फिरणी थांबली. उरल्या तीन हालचाली: त्यासाठी कापलेल्या फेसवरच्या एका नोडचे वाय-झेड आणि त्याच फेसवर वायच्या दिशेने दूर असलेल्या दुसऱ्याचा झेड बंद करा. पाव मॉडेलला दोन्ही कापांच्या बंधनांनंतर फक्त झेडचं सरकणं उरतं, म्हणून एका नोडचा झेड पुरतो.

पण त्याआधी विचारा: सममिती नक्की कशाची? आकार दोन्हीकडे सारखा असून भागत नाही. गेट मध्यावर हवा, पाण्याच्या लाइनी दोन्हीकडे सारख्या हव्यात, आणि त्यातून फिरणारं पाणीही सारखं हवं. एका बाजूने पाणी आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशी लाइन असेल तर एक बाजू थंड आणि दुसरी कोमट असणारच.

हे सगळं जुळलं तरी एक अडचण उरते, आणि ती जास्त चकवते. झाकणाचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली, असा पीळ अर्ध्या किंवा पाव मॉडेलमध्ये दिसूच शकत नाही. सममितीच्या बंधनाने त्याला आधीच मनाई केलेली असते. पातळ, सपाट, चौकोनी पार्टमध्ये तर असा पीळ वरचेवर येतो. मधला भाग कडांपेक्षा जास्त आकसला की कडेला लांबी उरते आणि ती खोगिरासारखी वर-खाली होते. उलट कडा जास्त आकसल्या तर घुमट होतो. म्हणून सपाट झाकणाला माझा सल्ला नेहमी पूर्ण मॉडेलचाच. मेश थोडा जाड ठेवा, पण पार्ट अख्खा ठेवा. सममिती क्रेटच्या एखाद्या भिंतीचा झटपट अंदाज घ्यायला वापरा.

पायरी ७: चालवा आणि आधी रिअ‍ॅक्शन पाहा

रन संपल्यावर रंगीत चित्र उघडायचा मोह आवरा. आधी कन्स्ट्रेंट लावलेल्या तीन नोडांवरचे रिअ‍ॅक्शन फोर्स (बंधनाने पार्टवर लावलेला जोर) बघा. बंधनं नेमकी सहा आणि योग्य जागी असतील, तर प्रत्येक रिअ‍ॅक्शन शून्य यायला हवी. एकूण बेरीज शून्य येऊन चालत नाही, कारण दोन नोड एकमेकांविरुद्ध ओढत असले तरी बेरीज शून्यच येते. एकेक नोड पाहा. दशांशाच्या पुढची किरकोळ धूळ असेल तर सोडून द्या. काही न्यूटन दिसले तर तुम्ही पार्टला कुठेतरी अडवलं आहे, परत पायरी ३.

गुरुत्व चालू ठेवलं असेल तर उभ्या दिशेच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज पार्टच्या वजनाएवढी हवी. आपल्या झाकणाचं घनफळ १५० घन सेंमी, पीपीची घनता ०.९ च्या किंचित वर, म्हणजे वजन १३६ ग्रॅमच्या आसपास, आणि रिअ‍ॅक्शन सुमारे १.३ न्यूटन. हे जुळलं तर मिमी, न्यूटन, मेगापास्कलचा युनिटचा घोळही नाही, हे आपोआप कळतं.

दुसरी तपासणी: तीन नोड बदलून तेच परत चालवा. सरकल्याचे आकडे बदलतील, ते बदलायलाच हवेत. पण आतला ताण आणि वाकलेला आकार तंतोतंत तोच राहिला पाहिजे. ताण बदलला तर दोन्हीपैकी एक सेट तरी पार्टला दाबतो आहे.

तिसरी गोष्ट कन्स्ट्रेंटची नाही, पण इथेच पाहून घ्यावी. वाक जाडीच्या जवळ किंवा पुढे गेला असेल, जसा आपला ४.५ मिमी वाक २.५ मिमी जाडीला, तर 'स्मॉल डिफ्लेक्शन'च्या उत्तरावर विसंबू नका. वाकता वाकता बदलणारा आकार गणितात धरणारं 'लार्ज डिफ्लेक्शन' चालवा. बकलिंग (ताणाने पार्ट अचानक फटकन वाकणं) तपासता येत असेल तर तेही करा. क्रिटिकल लोड फॅक्टर १ च्या खाली आला तर पार्ट फटकन एका बाजूला उलटणार, आणि कोणत्या बाजूला हे बारीकसारीक फरकांवर ठरतं. एकाच शॉटमधल्या दोन कॅव्हिटींचे पार्ट उलट दिशांना वाकले तर नवल करू नका.

मग चित्र उघडा. मोल्डफ्लोमध्ये निकाल बेस्ट फिटवर दाखवायचा की तीन नोडांच्या 'अँकर प्लेन'वर, हे निवडता येतं, आणि त्यासाठी रन परत करावा लागत नाही. अँकर प्लेनला पायरी १ मधले टेकण्याचे बिंदू द्या. हा फक्त बघण्याचा कोन आहे. पार्टच्या ताणावर त्याचा काही परिणाम नाही.

पायरी ८: डाय आणि जिगचं काय?

"डायमध्ये असताना तर कोअरने पार्ट धरलेला असतोच ना, मग ते कन्स्ट्रेंट कुठे द्यायचे?" हा प्रश्न हुशार पोरं विचारतात. डायमध्ये पार्ट खरोखरच आडवा आकसू शकत नाही. रिब आणि बॉस त्याला कोअरवर अडकवून ठेवतात, ताण साठतो, थोडा सैलावतो, आणि इजेक्शननंतर (पार्ट डायबाहेर ढकलल्यावर) उरलेला ताण पार्टला वाकवतो. मोल्डिंगची सॉफ्टवेअरं हा टप्पा पॅकिंग-कूलिंगच्या गणितातच धरतात आणि वॉर्पेजच्या पायरीला पार्ट मोकळा करतात. तुम्ही वरून आणखी धरू नका. साध्या एफईए सॉल्व्हरमध्ये हेच करायचं असेल तर दोन टप्पे करावे लागतात: पहिल्यात धरून थंड करणं, दुसऱ्यात बंधनं काढून फक्त ३-२-१ ठेवणं.

जिगचं (थंड होईपर्यंत पार्टला आकारात धरणाऱ्या साधनाचं) गणित त्याहून अवघड. क्रेटच्या लांब भिंती आत झुकतात, कारण कोपऱ्याची आतली बाजू कोअरमुळे गरम राहते आणि कोन मिटत जातो. म्हणून कामगार गरम क्रेटमध्ये लाकडी ठोकळा घालून ठेवतात, आणि त्याचा फायदाही होतो. पण हे साध्या लिनियर मटेरियलने मॉडेल केलं तर ठोकळा काढताच भिंत जिथल्या तिथे परत येईल. फायदा होतो तो गरम पीपी दाबाखाली सैलावण्यामुळे, आणि ते गुण मटेरियलमध्ये घातल्याशिवाय सॉल्व्हरला कळणार कसे? नवशिक्याने यात पडू नये. ठोकळा शॉपवर करून बघणं स्वस्त आहे.

पायरी ९: झाकण बसेल का?

मालकाचा खरा प्रश्न हाच असतो, आणि त्याचं उत्तर मोकळ्या वॉर्पेजमध्ये नाही. त्यासाठी वेगळा, दुसरा टप्पा करा. मोकळा वाकलेला आकार घ्या आणि स्क्रूच्या जागा झेडमध्ये त्यांच्या खऱ्या बैठकीपर्यंत खाली ओढा. म्हणजे त्या नोडांना शून्याऐवजी ठरावीक सरकणं द्या. इथे चार स्क्रू असतील तर चारही जागा ओढायच्या. प्रत्यक्षात माणूस पाना घेऊन तेच करतो. भोकं स्क्रूपेक्षा मोठी असतील तर एक्स-वाय मोकळे ठेवा आणि आडवी बंधनं ३-२-१ प्रमाणेच किमान ठेवा.

या टप्प्यात रिअ‍ॅक्शन शून्य नसणार, आणि ती नसावीच. प्रत्येक स्क्रूला किती जोर लागतो ते तिथे दिसतं. दोन स्क्रूंच्या मध्ये उरलेली फट हे दुसरं उत्तर. बियाण्याच्या पेटीत त्या फटीतून पहिल्याच पावसाचं पाणी आत गेलं तर सोयाबीन पेटीतच फुगणार, म्हणून फटीचा आकडा मालकाला मिमीमध्ये सांगा, रंगात नको. जोर जास्त असेल तर बॉस तडकण्याची भीती असते, आणि पीपी हळूहळू सैलावतं म्हणून पहिल्या दिवशीचा जोर पुढे कमी होतो, हेही सांगून ठेवा.

मोकळा टप्पा आणि बसवलेला टप्पा एकाच रनमध्ये मिसळू नका. स्क्रूच्या भोकांना पहिल्यापासून धरून वॉर्पेज काढलं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं हातची जातात.

पायरी १०: खऱ्या मालाशी ताडून पाहा

पार्ट मशीनवरून काढल्या काढल्या मोजू नका. पीपी, एचडीपीई ही अर्धस्फटिकी प्लास्टिकं इजेक्शननंतरही आकसत राहतात; निदान २४ तास जाऊ द्या. मोजताना सिम्युलेशनमध्ये धरलेल्या तीन जागीच पार्ट टेकवा. ब्लॉक ठेवा, कागदाची घडी नको.

आणि शेडचं तापमान लिहून ठेवा. मोजमापाचं तापमान २३ अंश धरण्याची रीत आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ ला टेकतो. २२ अंशांचा फरक, ३०० मिमी लांबी, ०.०००१ चा प्रसरणांक: झाकण ०.६६ मिमी लांब भरेल. वाक यामुळे फारसा बदलत नाही, कारण सगळं झाकण सारखंच प्रसरण पावतं. पण लांबी-रुंदी ताडताना हा आकडा वजा केला नाही तर श्रिंकेज (आकसणं) कमी आल्यासारखं वाटतं, आणि मग कोणीतरी विनाकारण पॅकिंग प्रेशर बदलायला जातं. शक्य असेल तर माल मोजमापाआधी एसीच्या खोलीत काही तास ठेवा. नसेल तर पहाटे मोजा.

रिपोर्टमध्ये वॉर्पेजच्या प्रत्येक आकड्याखाली एक ओळ लिहा: अ, ब, क नोड कुठे, कोणत्या दिशा बंद, निकाल बेस्ट फिटचा की अँकर प्लेनचा, माप किती अंशांना. शेजारी पार्टचा फोटो आणि त्यावर तीन ठिपके. डायवाला पाण्याची लाइन बदलून आला की त्याच तीन ठिपक्यांवर परत मोजा. जागा बदलल्या तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच होणार नाही.